मारुतीच्या कमरेला पाणी

नाशकात पावसानं जरा जोर धरला की माणसं एकमेकांजवळ मारुतीच्या तब्येतीची चौकशी करू लागतात.

"कुठवर आलंय हो?"

"सकाळी गुडघ्याला होतं. आता मांडीला लागलं म्हणतात."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत कंबर धरणार!"

परगावचा पाहुणा या बोलण्यात सापडला तर त्याची समजूत होते की गल्लीतलं कुणी वडीलधारं माणूस संधिवातानं अंथरुणाला खिळलं आहे आणि दुखणं खालून वर चढत चाललं आहे. आमच्याकडे एकदा असाच एक पाहुणा आला होता. त्यानं मोठ्या आपुलकीनं विटेनं शेकण्याचा उपाय सुचवला होता.

तर, दुखणं वगैरे काही नाही. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. एक तोंड पुढं, एक मागं. पूर किती आला हे नाशिककर या मारुतीच्या अंगावर मोजतात. पाय भिजले तर तो पूर नव्हे, नुसती हवा. गुडघे बुडाले की मंडळी पोरंबाळं घेऊन पूर बघायला निघतात. कमरेला पाणी लागलं की सराफ बाजारातले आणि भांडी बाजारातले लोक खालचा माल वर चढवू लागतात. छातीच्या वर गेलं की बघायला गेलेली मंडळी परत घरी येतात. त्याच्याही पुढचं माप म्हणजे नारोशंकराच्या देवळावरची घंटा. ही वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगतात. पाणी त्या घंटेला लागलं आणि ती आपणहून वाजली की मग कुणी कुणाला काही विचारायचं नाही, असा जुन्या माणसांचा हिशेब.

आता सरकारजवळ मोजायला दुसरं साधन नाही असं नाही. गंगापूर धरणातून किती सोडलं आणि होळकर पुलाखालून किती गेलं याचे क्यूसेकमधले आकडे तासातासाला येतात. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आपल्या हिशेबानं अठ्ठावीस लिटर. पण 'तीस हजार क्यूसेक' ऐकून कुणाच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला नाही. माणूस 'हो का?' म्हणतो आणि चहाचा दुसरा घोट घेतो. तेच 'मारुतीच्या छातीला लागलं' म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या छातीवर जातो. आकडा समजण्यासाठी शिक्षण लागतं. छाती प्रत्येकाला असते.

आपली जुनी मापंच अशी होती. वीत, हात, ओंजळ, मूठ. विहिरीची खोली परसात सांगत. परस म्हणजे पुरुष, एक माणूस उभा राहील एवढं. दहा परस विहीर म्हणजे दहा माणसं एकावर एक उभी करायची. (खालच्याचं काय होईल याचा विचार माप ठरवणाऱ्यानं केलेला दिसत नाही.) माणसानं जग मोजायला घेतलं तेव्हा त्याच्याजवळ स्वतःच्या देहाशिवाय दुसरी मोजपट्टी नव्हती, आणि मोजता मोजता त्यानं आपला देहच जगाला चिकटवून दिला. डोंगराला माथा आणि पायथा आला, नदीला मुख आलं, बाटलीला गळा, करवतीला दात, कपाला कान आणि बटाट्याला डोळे. नारळाला तर डोळे देऊन वर शेंडीही ठेवली.

शाळेत याला चेतनगुणोक्ती अलंकार म्हणत. आमचे मराठीचे गुरुजी सांगत की निर्जीव वस्तूला सजीव कल्पून ती माणसासारखी वागते असं म्हटलं की चेतनगुणोक्ती झाली, आणि ती परीक्षेत हमखास येते. उदाहरणाला बालकवी ठरलेले. त्यांनी औदुंबराला पाण्याकाठी आणून बसवलं, फुलराणीचं थेट लग्न लावून दिलं. गुरुजी तळमळीनं शिकवत. आम्ही तळमळीनं तास संपायची वाट बघत असू. पण त्या वेळीही मला एक शंका होती. अलंकार म्हणजे दागिना. दागिना कसा, लग्नाकार्यात घालावा, मग पेटीत ठेवावा. ही चेतनगुणोक्ती तर आमच्या घरात चोवीस तास अंगावर घालून हिंडत होते सगळे. स्टोव्ह रुसत होता, घड्याळ झोपत होतं, दूध उतू जायला बघत होतं आणि वडिलांची छत्री दर पावसाळ्यात ऐन वेळी दगा देत होती.

मराठी माणसाला याच्यातून सुटकाच नाही, कारण व्याकरणच त्याला सोडत नाही. समोर आलेल्या प्रत्येक वस्तूला आपण आधी विचारतो, तू तो, ती की ते? डोंगर तो, टेकडी ती, तळं ते. सुरा पुरुष, सुरी बाई. डबा बाप्या, डबी नाजूक. इंग्रजीतून पाहुणे आले त्यांनाही आपण असंच उंबऱ्यावर थांबवून त्यांची जात नाही, पण लिंग विचारलं. ट्रक आला, बस आली. चहा कडक झाला, कॉफी कडू झाली. याला नियम काय, असं एका अमराठी शेजाऱ्यानं मला विचारलं होतं. मी त्याला विचार करून सांगतो म्हणालो, त्याला आता अकरा वर्षं झाली. मुद्दा एवढाच की जी भाषा खुर्चीलासुद्धा स्त्री ठरवल्याशिवाय पुढं सरकत नाही, तिच्यात वस्तू नुसती वस्तू राहणं कठीण.

आमच्या घरी हे खातं हिच्याकडे आहे. ही मिक्सरशी बोलते. "आज जरा बाई चटणी नीट कर, पाहुणे यायचेत," असं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. इतक्या मार्दवानं माझ्याशी ती बोलल्याला बराच काळ लोटला. मी एकदा तसं सूचित केलं. "तो ऐकतो," ही म्हणाली.

इथपर्यंत सगळं गोड आहे आणि इथंच थांबलं तर या विषयावर लिहायचं काही कारण नव्हतं. पण मला या वस्तूंना माणूस करण्यात एक वेगळी सोय दिसू लागली आहे, आणि ती तितकीशी गोड नाही.

मराठीत कप फुटतो. कुणी फोडत नाही. फुटायचं काम कप एकटा, स्वतःच्या जबाबदारीवर करतो. फार तर 'माझ्या हातून फुटला' इतपत कबुली येते, म्हणजे गुन्हा कपाचाच, माझा हात फक्त जागेवर हजर होता. कचेरीत फाइल अडते. ती अडवणारे गृहस्थ तिच्यावरच कोपर टेकून बसलेले असतात, पण अडते ती. कोर्टात तारीख पडते. रस्त्याला खड्डे पडतात. भाव चढतात, पगार रेंगाळतात. सगळीकडे वस्तूच कर्त्याच्या जागी बसलेल्या आणि माणूस कुठंच नाही! गुरुजींनी दोन मार्कांना शिकवलेला अलंकार आम्ही पुढं सबंध आयुष्य लपायला वापरला.

तसा हा उद्योग फार जुना आणि त्यात थोरांचे हात आहेत. कालिदासानं ढगाला निरोप्या करून पाठवलं. पण तो माणूस प्रामाणिक. त्यानं आरंभीच सांगून टाकलं की अहो, ढग म्हणजे धूर, उजेड, पाणी आणि वारा यांची एक मोळी, तो काय निरोप नेणार? पण विरहानं व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव यातला फरक कुठं उरतो? म्हणजे अलंकारही वापरला आणि पावतीही दिली. पुढं अकराव्या शतकात कृष्णमिश्रानं 'प्रबोधचंद्रोदय' नाटक लिहिलं. त्यात विवेक आणि महामोह हे दोन राजेच पात्रं म्हणून उभे केले, आणि त्यांचं नातं काय, तर सावत्र भाऊ. सद्गुणांना माणूस केलं तर त्यांच्यातही भाऊबंदकी आली. मला हे नाटक लिहिणाऱ्याच्या अनुभवाविषयी आदर वाटतो.

आमच्या नाशकातच पांडवलेण्यांत तीन नंबरचं लेणं आहे, सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. त्याच्या ओसरीच्या खाली जमिनीतून अर्धे वर आलेले जाडजूड यक्ष खोदले आहेत. त्यांनी खांद्यावर तुळया घेतल्या आहेत आणि सगळं लेणं पालखीसारखं उचलून धरलं आहे. आता लेणं म्हणजे डोंगरच. तो स्वतःच्या भारानं स्वतः उभा आहे, त्याला भोई लागत नाहीत. पण त्या कारागिराला वाटलं असावं की एवढं वजन आहे म्हणजे कुणाच्या तरी खांद्यावर असलंच पाहिजे. मी दर वेळी तिथं जातो तेव्हा त्या यक्षांच्या तोंडाकडे पाहतो. मला वाटतं जगातल्या सगळ्या इमारतींखाली असे चेहरे दिसायची सोय असती तर बरं झालं असतं. इमारती जरा बेतानं बांधल्या गेल्या असत्या.

आणि आमच्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके! हरिश्चंद्र पडद्यावर आणण्याआधी त्यांनी वाटाण्याचा अंकुर एकेक चित्र टिपून पडद्यावर वाढवून दाखवला. कुंडीतला वाटाणा मान वर काढतो, आळस देतो, उभा राहतो. पुढं त्यांनी 'आगकाड्यांची मौज' म्हणून नुसत्या काड्या हलवल्या. वस्तूच्या अंगात प्राण घालायचा तर कवीला एक शब्द पुरतो. फाळक्यांना प्रत्येक हालचालीला हातानं काडी सरकवावी लागली. माझ्या मते चेतनगुणोक्तीची खरी किंमत फाळक्यांनाच कळली असणार.

किंमतीचंच बोलतो आहे. लॅटिनमध्ये माणसाला जो 'पर्सोना' शब्द आहे त्याचा मूळ अर्थ मुखवटा. नाटकातला. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूला आदिवासी गावांतून बोहाडा होतो, त्यात देवादिकांचे मोठमोठे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात. मुखवटा भिंतीला टांगलेला असतो तेव्हा तो लाकूड किंवा कागदाचा लगदा. माणसानं चढवला की देव. पण एकदा तो चढवल्यावर मध्येच 'पाय दुखले बुवा' म्हणून बसता येत नाही. चेहरा देवाचा असला तरी नाचायचे पाय आपले असतात. आमची गोम नेमकी इथं आहे. आम्हांला मुखवटा चढवायला आवडतो, नाचायला नको.

देवीच्या रोगाचं घ्या. त्या रोगाला मराठीत दुसरं नावच नव्हतं. अंगावर फोड आले की 'देवी आल्या', तेही आदरार्थी अनेकवचनात. मरीआई ही दुसरी. तिचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेबाहेर नेऊन ठेवायचा. शिवेच्या पलीकडे दुसरं गाव असतं, ते त्यांचं ते बघतील! आईचा मान ठेवण्याची ही तऱ्हा मला लहानपणीही थोडी चमत्कारिक वाटे. पण आपल्या माणसांना नुसतं हसण्यात अर्थ नाही. कारण त्याच लोकांनी पुढं पोराबाळांना 'देवी टोचून' घेतल्या. देवीला देवी म्हणत म्हणत दंडावर लस घेतली. सत्तरच्या दशकात भिंतीभिंतींवर 'देवीचा रोगी कळवा आणि एक हजार रुपये मिळवा' असं गेरूनं रंगवलेलं असे. शेवटी मे १९७५ नंतर देशात देवी आल्या नाहीत आणि १९८० साली जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. म्हणजे नाव देण्यानं काही अडलं नाही. नाव देऊन थांबलं असतं तर अडलं असतं.

आता नदीकडे येतो, कारण सगळं घोडं तिथंच गंगेत न्हायचं आहे. खरं म्हणजे गोदावरीत. पण नाशकात तिला कुणी गोदावरी म्हणत नाही, 'गंगेवर जाऊन येतो' असंच म्हणतात. खरी गंगाही दर बारा वर्षांनी सिंहस्थात गोदावरीकडे मुक्कामाला येते अशी श्रद्धा आहे. रामकुंडावर तिचं देऊळ आहे, ते फक्त त्या काळात उघडतं. एरवी कुलूप. बहिणीकडे बहिणीनं यावं, तिच्यासाठी खोली राखून ठेवावी, माघात हिचा वाढदिवस करावा, रोज संध्याकाळी ओवाळावं. इतकं मायेचं नातं जगात फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आलं असेल.

आणि याच मायेपोटी २००३च्या सिंहस्थाच्या वेळी आईच्या अंथरुणात काँक्रीट ओतलं. कुंडांचे तळ गुळगुळीत झाले, भाविकांची सोय झाली. मराठीत ज्याला 'जिवंत झरा' म्हणतात, बघा, भाषेनं त्याला आधीच जिवंत म्हणून ठेवलं होतं, ते झरे खाली राहिले. मग काही वर्षांनी तेच काँक्रीट फोडण्याची कामं निघाली. २०१६च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं आणि टँकरनं पाणी आणून घालायची वेळ आली. तेव्हा लोक म्हणाले, "गोदामाई रुसली." त्याच वर्षी २ ऑगस्टला महापूर आला, सराफ बाजार पाण्यात गेला. तेव्हा लोक म्हणाले, "गोदामाई कोपली." चार महिन्यांत रुसणं आणि कोपणं दोन्ही! अशी लहरी बाई कुणाच्या घरात असती तर तिला कुणी तरी विचारलं असतं, बाई गं, तुझं नेमकं म्हणणं तरी काय आहे? नदीला ते विचारायचं कारण पडत नाही. आपण तिला राग दिला, लोभ दिला, रुसवा दिला, माहेर-सासर सगळं दिलं. फक्त 'नाही' म्हणायची सोय दिली नाही.

ऋग्वेदातला विश्वामित्र याबाबतीत आमच्यापेक्षा सभ्य होता. त्याला गाड्याघोड्यांनिशी विपाश आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, ओलांडायच्या होत्या. तो नद्यांना म्हणतो, बायांनो, जरा खाली व्हा, माझ्या गाड्यांच्या आसाखालून वाहा. नद्या आधी आढेवेढे घेतात, आम्ही आमच्या वाटेनं चाललोय, आम्हांला कशाला अडवतोस, म्हणतात. मग त्याचं ऐकतात. तो पार झाल्यावर पुन्हा भरून वाहायला मोकळ्या. नद्यांना इथं तोंड दिलं आहे आणि त्या तोंडात त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. मागणारा मागतो आणि उत्तराची वाट बघत काठावर उभा राहतो. काठावर उभं राहणं महत्त्वाचं.

१९६९च्या सप्टेंबरातल्या महापुरात आमच्या आत्याचं घर बुडालं. भांडी बाजाराच्या मागं जुन्या वाड्यात तळमजल्याच्या दोन खोल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो. फडताळ आडवं झालं होतं आणि लग्नातली तांब्यापितळेची भांडी नाहीशी झाली होती. आत्या कोपऱ्यात कमरेला पदर खोचून चिखल भरत होती. कुणी येऊन हळहळलं की म्हणायची, "नेली गंगेनं," अगदी जाऊबाईनं विरजणाला भांडं नेल्यासारखं. पुढच्या खेपेला गेलो तर ती नदीची खणानारळानं ओटी भरायला निघालेली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आत्या, तिनं तुझी भांडी नेली आणि तू तिलाच खण देतेस? ती रागावली होती ना तुझ्यावर?"

"रागावते कशाला?" आत्या म्हणाली. "ती तिच्या वाटेनं आली होती. फडताळ मी ठेवलं होतं वाटेत. आता वर घेतलंय."

आणि खरंच घेतलं होतं. फडताळ माळ्यावर गेलं होतं, धान्याचे डबे फळीवर गेले होते. भिंतीवर पाण्याची गढूळ रेघ उमटली होती, ती तिनं अखेरपर्यंत चुन्याखाली जाऊ दिली नाही. रंगारी आला की सांगायची, वरून आणि खालून दे, रेघ सोडून. तिच्या मोडणाऱ्या वस्तू रेघेच्या वर, न मोडणाऱ्या खाली. आमची आत्या मराठी चौथी शिकलेली. पुढं २००८च्या पुरानंतर नाशकात तज्ज्ञांनी पूररेषा आखल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. मला ते वाचून आत्याची मातकट रेघ आठवली. तिच्या रेघेच्या आत मात्र कुणी बांधकाम परवानगी मागितली नव्हती.

आमच्या गावचे तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, यांची 'कणा' नावाची कविता महाराष्ट्रानं पाठ केली आहे. पुरानं घर धुऊन नेलेला एक माणूस त्यात आपल्या जुन्या सरांना भेटायला येतो. तोही नदीला पाहुणी आलेली माहेरवाशीण म्हणतो. पण त्याच दमात चिखल काढतोय, भिंत बांधतोय हेही सांगतो. कवितेवर डोळे पुसणारे पुष्कळ भेटतात. चिखल काढणाऱ्या त्या ओळीवर रेंगाळणारे थोडे. मला तरी वाटतं नदीला माहेरवाशीण म्हणण्याचा अधिकार त्या माणसाला त्या ओळीनं मिळतो.

मध्यंतरी कायद्यानंही हा अलंकार करून बघितला. न्यूझीलंडनं २०१७ साली आपल्या व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती ठरवलं. त्याच मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुना यांना तसाच दर्जा दिला. देवाच्या मूर्तीला आपले कायदे फार पूर्वीपासून व्यक्ती मानत आले आहेत, तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावते. पण कायद्यात देव हा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, आणि त्याला पालक लागतो. गंगेलाही पालक नेमले. मुख्य सचिव, महाधिवक्ता वगैरे सरकारी माणसं. आता आपल्या सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' अशी अक्षरं असतात, अज्ञान पालनकर्ता. बहुतेक ठिकाणी पुढं लिहिलेलं असतं 'आई'. इथं आईच अज्ञान झाली आणि पालनकर्ता साहेब! मग उत्तराखंड सरकारनं सर्वोच्च न्यायालयात जाऊन विचारलं की महाराज, पूर आला आणि लोकांचं नुकसान झालं तर भरपाईचा दावा या पालकांवर लावायचा काय? त्याच वर्षी ७ जुलैला निकालाला स्थगिती मिळाली.

लोक याला हसले, मीही हसलो. पण तो प्रश्न हसण्यासारखा नाही. नदी माणूस झाली तर कुणी तरी तिच्यासाठी उत्तर द्यायला उभं राहावं लागतं, हे निदान त्या सरकारच्या चटकन ध्यानात आलं. आणि ध्यानात आल्या आल्या ते म्हणालं, मग नको.

आत्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली. वाडा पाडला, त्या जागी तीन मजली इमारत झाली. रेघेची भिंत अर्थातच गेली. खाली आत्याच्या नातवाचं दूध-दह्याचं दुकान आहे. पोरगा गुणी, देवभक्त. गल्ल्यामागं गोदामाईची तसबीर, तिला रोज ताजा हार. २०१६च्या पुरात त्याचा मोठा फ्रिज पाण्यात गेला. तेव्हा एका टीव्हीवाल्यानं त्याच्या तोंडापुढं माइक धरला, तर हा गहिवरून म्हणाला, "माई कोपली." मी घरात बसून ते पाहत होतो. माझ्या डोळ्यांपुढं कमरेला पदर खोचलेली आत्या उभी राहिली आणि मला वाटलं, ही आता टीव्हीतून हात घालून याचा कान पिरगाळणार. नवा फ्रिज आला, तो जुन्याच्या जागी, जुन्याच उंचीवर बसला. हार बदलला. बाकी काही बदललं नाही.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवस झड लागली होती. धरणातून पाणी सोडल्याची बातमी ऐकली आणि मी त्याला फोन केला.

"कुठवर आलंय रे?"

"कमरेला लागलं, काका. मी आत्ताच बघून आलो."

"आणि तुझा फ्रिज?"

"फ्रिज खालीच आहे. काल दोघातिघांनी उचलून पाहिला, पण तो काही जिना चढायला तयार नाही."